हवेतला गोंधळ शोधणारी चेतना

माझ्या भाचीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी आजवर तीन वेळा एकच प्रश्न विचारला आहे: "मुलगी नेमकं करते काय?" तिन्ही वेळा मी, म्हणजे तिचा मामा चुन्नीलाल टेंभरे, घसा खाकरून सांगितलं की मोबाइल टॉवरचं काम पाहणाऱ्या ठेकेदाराकडे इंजिनिअर आहे. आणि तिन्ही वेळा या पोरीनं मध्येच तोंड घातलं, "हवेतला गोंधळ शोधते मी." पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच.

चेतना अठ्ठावीस वर्षांची आहे. आईवडील बिरसीजवळ राहतात, घरची धानाची शेती. नोकरीसाठी ती अर्जुनी मोरगावला माझ्याकडे राहते. मी टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं लाइनमन होतो आणि अर्जुनी ते केशोरी या पट्ट्यातला एकेक खांब माझ्या छातीला घासलेला आहे. आमच्या वेळी बिघाड डोळ्यांना दिसायचा. तार तुटली की लोंबकळायची, खांब पडला की गुरं त्यावर अंग घासायची. हिच्या धंद्यात काहीच दिसत नाही. हिच्याजवळ जेवणाच्या डब्याहून थोडं मोठं एक यंत्र असतं, त्याला स्पेक्ट्रम ॲनालायझर म्हणतात, आणि हातात एक अँटेना, जुन्या टीव्हीच्या अँटेनाची धाकटी बहीण शोभावी अशी. ते घेऊन ती धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालली की बाया विचारतात, "काऊन वं, डिश लावून देतेस का?"

मला ते यंत्र तिनं व्हरांड्यात बसून शिकवलं. मी सुरुवातीला नाक मुरडलं, हे कबूल करतो. पडद्यावर आडवी मोजपट्टी असते ती फ्रिक्वेन्सीची आणि उभी असते ती जोराची. कुठला सिग्नल कोणत्या जागी आणि किती जोरात आहे ते त्यावर उमटतं. "मामाजी, तुम्ही फोनवर बोलता ना, तो आवाज आधी आकड्यांत मोडतो," ती म्हणाली. "मग ते आकडे नेमून दिलेल्या पट्टीभर सारखे पसरतात. म्हणून त्याची आकृती डोक्यावर सपाट येते आणि दोन्ही कडा उभ्या. विटेसारखी. वीट दिसली की समजायचं, हा घरचा माणूस. ज्याचं डोकं सपाट नाही आणि जो जागेवर थांबत नाही, त्याच्यामागे लागायचं."

इतकं कळलं तरी पुढचं समजायला पुरे आहे.

केशोरीच्या पुढे जंगलाला लागून एक टोला, म्हणजे लहानशी वस्ती, आहे. नाव सांगत नाही, कारण ज्या बाईची गोष्ट यात येते तिला लोकांनी बोटं दाखवावीत अशी माझी इच्छा नाही. दोन वर्षांपासून त्या बाजूला हत्तींचा कळप येतो. नोव्हेंबरात धान कापून शेतातच पुंजणी रचलेली असतात. पुंजणं म्हणजे कापलेल्या भाऱ्यांचा ढीग, त्यात घरचं वर्षभराचं खाणं असतं. राखण करायला एक माणूस मचाणावर बसतो. वनरक्षक प्रफुल आणि त्याचे दोन साथीदार कळपाच्या मागावर असतात, आणि कळप कुणाच्या शेताकडे वळला की त्या माणसाला फोन करतात. फोन आला की मचाणावरून उतरायचं आणि गावाकडे पळायचं. फोन आला नाही तर उतरायचं नाही, ही तिथली रीत. नुसत्या अफवेवर पुंजणं सोडलं तर हत्ती न येताही रानडुकरं फडशा पाडतात. एवढं सगळं त्या एका फोनवर टांगलेलं.

आणि तो फोन लागेनासा झाला. दुपार कलली की टोल्यातले सगळे फोन मुके.

सोमवारी चेतनाला तिथं पाठवलं. नियम असा आहे की ज्या वेळची तक्रार, त्याच वेळी जाऊन मोजायचं. ती पोचली बाराला. यंत्र लावलं, सगळं स्वच्छ. चार-पाचपर्यंत थांबायला हवं होतं. पण त्याच संध्याकाळी गोंदियाहून पाहुणे यायचे होते, आणि मी तिला दीड तासात पाच फोन केले. "आटप बाई, निघ आता, तोंड धुवायला तरी वेळ राहू दे." तिनं कागदावर 'बिघाड आढळला नाही' लिहिलं, सही केली आणि निघाली. पाहुण्यांचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

मंगळवारी संध्याकाळी कळप बकाराम नावाच्या शेतकऱ्याच्या पुंजण्यावर आला. प्रफुलनं त्याला सात वेळा फोन लावला होता. एकदाही लागला नाही. बकाराम मचाण सोडून मोहाच्या झाडावर चढला, एका हत्तीनं झाडाला धडक दिली आणि तो खाली पडला. कळप पुंजण्यात गुंतला म्हणून जिवानिशी वाचला, पण मांडीचं हाड मोडलं.

बुधवारी ही बातमी अर्जुनीला आली. चेतना जेवली नाही. मी म्हणालो, "हत्तीनं पाडलं त्याला, तू नाही." ती म्हणाली, "मामाजी, तुम्ही गप्प बसा."

गुरुवारी साहेबांना न विचारता ती यंत्र घेऊन निघाली. स्कूटीवर मागे मी. टोल्यात मला सगळे ओळखतात, उपयोग होईल म्हणून तिनं नेलं, प्रेमानं नव्हे.

तीनला पोचलो. टॉवरजवळच्या बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, धुऱ्यावर तिनं यंत्र मांडलं. प्रफुलशी बोलून ठेवलं होतं की दर दहा मिनिटांनी फोन करायचा. पडद्यावर तळाला एक रेघ शांत पडून होती आणि तिच्यावर अधूनमधून चिमुकल्या विटा उगवत होत्या, कुणी ना कुणी फोनवर बोलत असेल त्याच्या. साडेतीनला प्रफुलचा फोन आला, कळप बांबूत बसून आहे. तीन चाळीसला तेच, तीन पन्नासला आणि चारलाही तेच.

चार वाजून दहा मिनिटांनी प्रफुल म्हणाला, "मॅडम, उठले. नाल्याकडं सरकून राहिले. नाला उतरून कोन्या बाजूले जाते ते पाहतो आन् सांगतो."

नाल्याच्या एका बाजूला जंगल होतं. दुसऱ्या बाजूला सहा मचाणं होती आणि त्यांवर सहा माणसं.

चार अठराला तळाची रेघ उठली. मी डोळ्यांनी पाहिली. उकळी येताना दूध चढतं तशी ती चढली आणि चिमुकल्या विटा तिच्यात गडप झाल्या. वर एक टोकदार शेंडा निघाला आणि तो डावीकडून उजवीकडे सरकू लागला. चेतनानं प्रफुलला फोन लावला. लागला नाही. माझ्या फोनवरून लावला. लागला नाही. माझ्या फोनवर तीन काड्या दिसत होत्या, हे विशेष.

"काड्या आहेत की," मी म्हणालो.

"टॉवर हाक मारतो ती फोनला ऐकू येते. फोन 'ओ' देतो ती टॉवरला ऐकू जात नाही. दोन वाटा वेगळ्या आहेत, मामाजी. बोंब जाण्याच्या वाटेवर आहे." ती यंत्र गळ्यात अडकवून उठली होती. "कुणीतरी रेंज वाढवायचा बूस्टर लावलाय. त्याच्या आतल्या आणि बाहेरच्या अँटेना जवळजवळ आल्यात. मंडईच्या जत्रेत दंडारीचं नाटक चालू असताना माइक भोंग्यासमोर आला की शिट्टी घुमते ना, तसा तो घुमतोय. दिवस कधी बुडतो इथं?"

"साडेपाच."

तोवर भोवती जमलेल्या गावकऱ्यांनी दोन मुलांना सायकलवर जवळच्या मचाणांकडे पिटाळलं. नाल्याकडच्या सहांपर्यंत जायला जंगलातून पाऊण तास लागतो, आणि कळप नेमका त्याच वाटेवर असला तर? कुणी जायला तयार होईना, आणि मी कुणाला दोष देणार नाही.

चेतना अँटेना छातीशी धरून जागेवरच हळूहळू फिरली. माणसाच्या अंगाचाही आडोसा होतो, त्यामुळे सिग्नल कोणत्या दिशेनं येतो ते कळतं, असं तिनं मला एकदा सांगितलं होतं. शेंडा सगळ्यात उंच झाला तो गावातल्या किराणा दुकानदाराच्या घराकडे तोंड केल्यावर. गावात त्याचंच घर दुमजली, गच्चीवर कॅमेरे, डबे, वायरी. लोकांना इतकंच हवं होतं. "मी म्हनत नव्हतो? ह्याच हरामखोरानं लावलं!" दहा-बाराजण काठ्या घेऊन निघालेच. माझं स्वतःचं मतही तेच होतं, खोटं कशाला बोलू. तो दुकानदार मला कधीच आवडला नाही.

त्याच्या दाराशी पोचलो तेव्हा चार पस्तीस झाले होते. एक पोरगा शिडी आणायला धावला, वरच्या वायरी तोडायला. दुकानदार दारात उभा, तोंडचं पाणी पळालेलं. चेतनानं पडदा पाहिला आणि ओरडली, "थांबा! हा नाही!"

"पडद्यावर दिसून राहिलं ना जोरात!"

"जोर बघू नका. आकार बघा." तिनं यंत्र लोकांसमोर धरलं. "ही इथली आकृती. डोकं सपाट, कडा उभ्या, जागेवरून हलत नाही. यांच्या कॅमेऱ्यात सिमकार्ड आहे, ते चित्र पाठवतंय. जेवढी पट्टी नेमून दिली तेवढ्यातच आहे. हा त्रास देत नाही कुणाला. आपला चोर टोकदार आहे आणि चालतोय. तो बघा, तिकडे, मागे. या गच्चीवरच्या टिनाच्या पत्र्यावर आपटून इकडे येतोय म्हणून आपण फसलो."

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेले लोक एवढ्या सहज ऐकतात का? ते तिथंच वाद घालत राहिले. शिडी मात्र कुणी लावली नाही. चेतनानं माझा हात धरला आणि आम्ही मागच्या गल्लीत शिरलो. आमच्या मागून एक बाई येत होती. ती बकारामची बायको गीताबाई. दोन रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता हे दुरूनही कळत होतं.

चार चाळीस. चेतना दर दहा पावलांवर थांबून यंत्राचा कान कमी करत होती. चोराच्या जवळ गेलं की यंत्राला थोडं बहिरं करावं लागतं, नाहीतर सगळीकडूनच आवाज येतोय असं वाटतं. एक गल्ली चुकली, परत फिरलो. नाल्याकडून काही आवाज येतो का म्हणून मी कान टवकारून होतो आणि काही येत नव्हतं, तेच जास्त वाईट.

शेवटचं घर कवेलूचं, म्हणजे कौलारू. मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, वालाच्या वेलीला आधार म्हणून उभा केलेला बांबू, आणि त्या बांबूच्या टोकाला वेलीत लपलेली अँटेना.

ते घर पुष्पाबाईंचं निघालं. दोन वर्षांपूर्वी कळप पहिल्यांदा आला तेव्हा पुष्पाबाईंचा नवरा बिसराम त्यात गेला होता. त्या वेळी इथं रेंजच नव्हती, खबर देणारा फोन पोचला नव्हता. आता त्यांचा एकुलता एक मुलगा मुन्ना राखणीला जातो. नाल्याकडच्या सहांपैकी एक तो.

दार लोटलं. पुष्पाबाई जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, फोन मांडीवर. शेजारी खिळ्याला त्या बूस्टरची पांढरी डबी टांगलेली, तिच्यावर हिरवा दिवा. मी म्हणालो, "पुष्पाबाई, मी चुन्नीलाल, टेलिफोनवाला. ही माझी भाची. ती डबी बंद करायची आहे."

"नाई जी," त्या म्हणाल्या.

"मावशी, या डबीमुळे गावाचे फोन लागत नाहीत," चेतना म्हणाली.

"माह्यामुळं? बाई, माह्या फोनमंदी पाच काड्या हायेत. अख्ख्या गावात कोनाकडं पाच काड्या हायेत, सांग." त्यांनी फोन पुढे केला. खरंच पाच होत्या. "मुन्ना मचानावर गेला का मी हे लावतो. तो घरी येईपर्यंत बंद नाई करत. याचा बाप गेला तवा फोन लागला नव्हता. मी गोंदियावरून आनलं हे."

"मुन्नाला लावा बरं फोन."

पुष्पाबाईंनी लावला. पलीकडून बाई बोलली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. त्यांचा चेहरा कडू झाला. "पाह्यलं? तिकडं रेंज नाई, म्हनून त लागते हे मले. रोज असंच होते. रोज मी अजून जोरात करतो."

मला रडू आलं. ती माउली रोज संध्याकाळी आपल्याच हातानं पोराचा आवाज दाबत होती, आणि तो येत नाही म्हणून आणखी दाबत होती. चार पन्नास झाले होते. मला वाटलं, सरळ वायर ओढावी आणि मोकळं व्हावं. मी हात पुढे केलाही. चेतनानं तो बाजूला सारला. ओढली असती तर पुष्पाबाईंनी आमच्यामागे ती परत लावली असती, आज नाही तर उद्या. हे तिला कळलं, मला नाही.

ती पुष्पाबाईंच्या पुढ्यात मांडी घालून बसली आणि यंत्र त्यांच्या मांडीवर ठेवलं. घाई तिच्या गळ्याच्या शिरेत दिसत होती, पण आवाजात नव्हती.

"मावशी, रोवणी झाल्यावर बांधीत पाणी किती ठेवता?"

"चार बोटं."

"आणि धुरा फुटून वरचं पाणी आलं, गुडघाभर झालं, तर?"

"रोवना बुडते. सडते. हे कायले पुसतेस?"

"ही खालची रेघ म्हणजे पाणी. शेतातल्या माणसांचे फोन म्हणजे रोवणा, लहान लहान रोपं. पाणी चार बोटं असलं तर शेंडे वर दिसतात आणि टॉवरला सापडतात. तुमच्या डबीनं पाणी गुडघाभर केलंय. इथं बघा."

पुष्पाबाईंनी आयुष्यात शाळा पाहिली नसेल, पण पाणी पाहिलं होतं. त्या वाकून पडद्याकडे बघत राहिल्या. मग बोटानं शोधायला लागल्या.

"माह्या मुन्नाचा कोनता?"

"बुडालाय, मावशी. म्हणून दिसत नाही."

पुष्पाबाईंचा हात तोंडावर गेला. "बंद केलं आन् तरी नाई लागला, त?"

"तर मी नाल्याकडे जाते. आत्ता. पळत."

मी तिचा मामा आहे. ही पोरगी बोलली म्हणजे जाणार, हे मला ठाऊक होतं.

पुष्पाबाई उठल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातानं बटण बंद केलं. हिरवा दिवा गेला. पडद्यावरची रेघ धपकन खाली बसली. त्यांच्या फोनवर पाच काड्या होत्या, त्यांची एक झाली. "एकच राह्यली," त्या पुटपुटल्या, आणि त्यांचा हात पुन्हा बटणाकडे गेला. तिथंच थांबला. चेतनानं तो धरला नाही. तीही नुसती पडद्याकडे बघत होती.

काही नाही. रेघ सपाट.

मग एक चिमुकली वीट उगवली. मग दुसरी. मग एकदम चार-पाच. "उठले, मावशी, उठले," चेतना म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. बाहेर गल्लीत कुणाचा तरी फोन वाजला, मग दुसऱ्याचा. माझ्या खिशात प्रफुलचा फोन वाजला, "मामा, कवापासून लावून राहिलो! कळप नाला उतरला, मचानांकडं वळला! सगळ्याइले फोन करून राहिलो आता, एकेक करून!" आणि तेवढ्यात पुष्पाबाईंच्या हातातला फोन वाजला.

"आई! प्रफुलभाऊचा फोन आला. हत्ती आपल्या धुऱ्याकडं येऊन राहिले. पुंजन्याचं काय करू?"

"मरू दे पुंजना!" पुष्पाबाई इतक्या जोरात ओरडल्या की फोनची गरजच नव्हती. "पळ! फोन चालू ठेव आन् पळ!"

मुन्ना पळत होता आणि त्याचा धापा टाकण्याचा आवाज त्या खोलीत येत होता. तो आवाज ऐकत आम्ही तिघं उभे होतो. दारातून चौथा आवाज आला.

"म्हंजे हे होतं." गीताबाई आत आली होती. "मंगळवारी बी हे चालू होतं? बोल ना वं! माह्या नवऱ्याचा फोन तू बुडवलास?"

पुष्पाबाईंनी फोन कानाला तसाच धरून मान हलवली. हो म्हणाल्या. गीताबाईचा हात उठला. चेतना मध्ये उभी राहिली.

"त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं," ती म्हणाली. "सोमवारी मी आले होते. दुपारी मोजलं, संध्याकाळपर्यंत थांबले नाही. सगळं ठीक आहे म्हणून सही करून गेले. थांबले असते तर ही डबी सोमवारीच बंद झाली असती. मारायचं तर मला मारा."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. सोमवारचे पाच फोन माझे होते. चौतीस वर्षं खांबांवर चढलो, त्या दिवशी एक पाऊल पुढे टाकवलं नाही मला.

गीताबाईनं हात खाली घेतला. "मले कायले सांगतेस?" ती म्हणाली. "ज्याचा पाय मोडला, त्याले जाऊन सांग."

मुन्ना पाच वाजून वीस मिनिटांनी घरी आला, एक चप्पल पायात, एक हातात. बाकीचे पाचही आले. कळपानं दोन पुंजणी खाल्ली, त्यातलं एक पुष्पाबाईंचं. त्या पोराच्या तोंडावरून हात फिरवत राहिल्या आणि पुंजण्याबद्दल त्यांनी विचारलंसुद्धा नाही. चेतनानं ती डबी आणि अँटेना पिशवीत घातली. कागदावर तिनं बिघाडाचं कारण लिहिलं, आणि खाली सोमवारची तपासणी अपुरी होती हेही लिहिलं. मी म्हटलं, हात दाखवून अवलक्षण कशाला? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला. साहेबांनी आता लेखी खुलासा मागितला आहे. नोकरी राहते की जाते, हे लिहितेवेळी ठाऊक नाही.

शनिवारी संध्याकाळी ती दवाखान्यात गेली. मी न बोलावता सोबत गेलो. बकाराम खाटेवर होता, पाय वजन लावून टांगलेला. चेतनानं खाटेजवळ उभं राहून सगळं सांगितलं, पुष्पाबाईंचं नाव न घेता. त्याला नाव गीताबाईकडून कळलं असणारच, पण त्यानंही ते काढलं नाही.

"घाई कायची होती?" त्यानं विचारलं.

"मला बघायला पाहुणे येणार होते."

"घाई मी केली," मी म्हणालो. दोन दिवस उशिरा का होईना, म्हणालो. "ती थांबली असती. मी थांबू दिलं नाही."

बकारामनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं शिव्या घालेल. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. तो तिकडे बघत होता.

"आता लागते का फोन?"

"लागतो," चेतना म्हणाली.

"या वक्ताले बी?"

"हो."

"लावून दाखव."

तिनं गीताबाईचा नंबर लावला. एकदा चुकला, पुन्हा लावला. फोन तिनं त्याच्या कानाशी धरला. रिंग गेली, ती मलाही ऐकू आली. तीन वेळा वाजल्यावर गीताबाईचा आवाज आला.

"मी होय," बकाराम म्हणाला. "काही नाही. लागते का पाहून राहिलो. म्हशीले पानी पाजलं? घरातच राहा." मग त्यानं कान बाजूला घेतला आणि चेतनाला म्हणाला, "उद्या बी लाव. परवा बी. याच वक्ताले."

चेतनानं मान हलवली. मग ती खाटेच्या पायथ्याशी फरशीवरच बसली, फोन हातात धरून, आणि पलीकडे गीताबाई अजून हॅलो, हॅलो म्हणत होती.